बेडखाली तीन सायकली : नाशिकमधल्या एका मोटरहोमचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका सायकलस्वार मित्राच्या गाडीचं आहे. इंदिरानगरला राहणारं तिघांचं कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी आठ वर्षांची. त्यांनी जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली, ३,३५० मिमी व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमध्ये तेवढं अंतर असलेली), आणि आरटीओचे सगळे सोपस्कार पूर्ण करून तिचं मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, करून घेतलं. मागे उंचावर बेड, त्याखाली सामानाची मोकळी जागा. मागचा दरवाजा उघडला की हात थेट तिथे पोचतो. मोटरहोमवाले याच जागेला गॅरेज म्हणतात. त्यात तीन सायकली बसवायच्या होत्या : त्याची रोड बाइक, वहिनींची डिस्क ब्रेकची हायब्रिड (रोड बाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) आणि मुलीची २० इंची.

एका फॅब्रिकेटरने स्टेनलेस स्टीलचा सरकता रॅक करून द्यायचे अठरा हजार सांगितले. गाडीवर आधीच भरपूर खर्च झालेला, त्यामुळे तेवढे पैसे काढणं शक्य नव्हतं. मग तो माझ्याकडे आला. काम दोन-अडीच हजारांत व्हावं आणि रविवारी घरच्या घरी करता यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वहिनींची अट मात्र वेगळी होती, आणि पुढचं सगळं काम त्या अटीवर उभं राहिलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सायकल बाहेर काढायला अर्धा तास लागणार असेल तर ती घरीच राहू द्या. मग मी चालतच फिरेन."

नाशिकमध्ये सायकल ही हौस म्हणून बाजूला ठेवायची गोष्ट राहिलेली नाही. २०१५ साली इथल्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून गंगापूर रोडवर पहाटे दिसणारी हेल्मेटं वाढतच गेली. इथून पंढरपूरला सायकलवारी निघते. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या फेऱ्या करणारी माणसं तर गल्लोगल्ली सापडतात. माझा मित्र त्यांतलाच. भंडारदऱ्याला किंवा सापुताऱ्याला मुक्काम केला की पहाटे सायकल काढायची, हाच त्याच्या मोटरहोमचा अर्धा हेतू होता. सायकल गाडीत आहे पण काढणं जिवावर येतं, अशी स्थिती झाली तर तो हेतूच संपतो.

आधीची पद्धत

सुरुवातीला त्यांनी तिन्ही सायकली एकावर एक आडव्या टाकल्या आणि मधे जुन्या गोधड्या घातल्या. खर्च शून्य. नवीन मोटरहोम घेणारे बहुतेक जण इथूनच सुरू करतात. पण एका प्रवासानंतर वहिनींच्या सायकलचे गिअर आपोआप उड्या मारू लागले. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी, म्हणजे हँगर, आत वाकली होती. ही पट्टी मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमची करतात. धक्का बसला तर तिने वाकावं आणि फ्रेम वाचावी, हे तिचं काम. त्यामुळे वरच्या सायकलचं दहा-बारा किलो वजन खड्ड्यागणिक तिच्यावर आपटलं की ती वाकणारच. गोधडीने रंग वाचतो, हँगर वाचत नाही. सायकल आडवी टाकायचीच असेल तर गिअरची बाजू वर ठेवावी आणि साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणून ठेवावी, म्हणजे डिरेलर फ्रेमच्या जास्तीत जास्त आत राहतो. तीन सायकलींची चळत मात्र करूच नये.

दुसरी तक्रार जास्त रोजची होती. मुलीची सायकल सर्वांत खाली. तिला पाच मिनिटं चालवायची असली तरी आधी दोन मोठ्या सायकली रस्त्यावर काढाव्या लागत.

दाराबाहेर लावायचा रॅक का नको, याचाही आम्ही नीट विचार केला. बाहेर सायकली लावल्या की नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, आणि ते दिसलेच पाहिजेत. पावसाळ्यात मागच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल साखळीत बसतो. चहाला थांबलं की एक नजर सतत मागे ठेवावी लागते. त्यात वजनाचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पलीकडे ठेवलेलं वजन मागचा भाग जास्त दाबतं आणि पुढचा भाग उचलतं. तीन सायकली आणि त्यांचा सांगाडा मिळून ५० किलो धरू. या गाडीत बाहेरच्या रॅकचा मध्य मागच्या ॲक्सलपासून सुमारे १.५५ मीटर मागे आला असता. ५० ला १.५५ ने गुणून ३.३५ ने भागलं की पुढच्या ॲक्सलवरून सुमारे २३ किलो कमी होतात, आणि मागच्या ॲक्सलवर ५० ऐवजी ७३ येतात. तेच वजन आत, दारापासून पाऊण मीटर पुढे ठेवलं की ॲक्सलपासूनचं अंतर ४५ सेंमी भरतं आणि पुढचा भाग जेमतेम ७ किलोने हलका होतो. मागे आधीच पाण्याची टाकी आणि बेडचं वजन असताना हा फरक घाटात स्टिअरिंगला जाणवतो.

मापं

लाकडाला करवत लावण्याआधी आम्ही एक अख्खी सकाळ फक्त मोजमापात घालवली, आणि असं काम करणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगेन. गॅरेजची रुंदी १७२ सेंमी, दारापासून पुढच्या आडव्या भिंतीपर्यंत खोली १५० सेंमी, बेडच्या फळीखाली उंची ८८ सेंमी. भिंतीकडच्या भागात दोन्ही बाजूंना मागच्या चाकांचे उंचवटे, प्रत्येकी २२ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच.

८८ सेंमी उंचीत मोठी सायकल उभी मावत नाही, आणि छताला लटकवायचा तर प्रश्नच नाही. १५० सेंमी खोलीत ती पूर्ण लांबीने बसत नाही, कारण ७०० सी, म्हणजे मोठ्या मापाच्या, चाकाची सायकल १६५ ते १७५ सेंमी भरते. पण पुढचं चाक काढलं की हिशेब बदलतो. पुढच्या ॲक्सलच्या जागेपासून मागच्या टायरच्या टोकापर्यंत रोड बाइक १३४ सेंमी भरली आणि हायब्रिड १३९. शिवाय फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, जमिनीलगत आला की सगळं हँडल खाली येतं. रोड बाइकचं हँडल ९२ वरून ६८ वर आलं. सीट मात्र थोडीच उतरते, कारण ती मागच्या चाकाजवळ असते. म्हणून सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, खाली करावी लागते. आपल्या उंचीवर सीटपोस्टला इन्सुलेशन टेपचा एक वेढा देऊन ठेवला की परत वर करताना मोजायला नको.

मुलीची सायकल चाकासकट १३५ सेंमी. तिचं काहीच काढावं लागणार नव्हतं, हे कळल्यावर ती फारच खूश झाली.

आडव्या रुंदीत तीन सायकली एकाच दिशेला तोंड करून उभ्या केल्या तर हँडल हँडलला अडतं. म्हणून त्या आलटून-पालटून ठेवायच्या. त्याची तोंडाने आत, वहिनींची तोंडाने दाराकडे, मुलीची पुन्हा आत. एकीच्या हँडलशेजारी दुसरीची सीट येते. डाव्या भिंतीपासून ३६, ७८ आणि १२२ सेंमीवर आम्ही खडूने तीन रेघा मारल्या आणि सायकली हातात धरून उभ्या करून पाहिल्या. कागदावरच्या आकड्यांत पॅडल विसरलं जातं, प्रत्यक्षात ते नडगीला लागतं. उजवीकडे उरलेल्या जागेत बॅटरीचं बसकं खोकं आधीपासून होतं. त्याच्या टर्मिनलवर रबरी टोप्या नव्हत्या. सायकलची साखळी किंवा पॅडल उघड्या टर्मिनलवर पडलं तर थेट शॉर्ट होऊन आगीला निमंत्रण, म्हणून टोप्या आणि वर प्लायचं झाकण हे काम सर्वांत आधी केलं.

दारापाशी उघडणं

आता वहिनींची अट. फोर्क पकडणारा ठोकळा जमिनीला बसवणं सोपं आहे, कुठलाही सुतार करून देईल. पण तो दीड मीटर आत, भिंतीलगत असला तर सायकल सोडवायला बेडखाली पोटावर सरपटत जावं लागतं. पावसात, अंधारात, ओल्या कपड्यांनी ते कोणी करणार नाही. म्हणून मी एकच नियम धरला : जे जे सोडावं लागतं ते दारात उभं राहून हाताला लागलं पाहिजे. आतल्या टोकाला फक्त असा आधार हवा की सायकल सरकवली की आपोआप त्यात बसावी.

वहिनींची सायकल तोंडाने दाराकडे होती, म्हणून तिचा फोर्कचा ठोकळा दारातच आला. आतल्या टोकाला मागचं चाक जाऊन बसतं ती एक खाच. शेतात लागणाऱ्या ९० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून अर्धा केला, तो जमिनीवर स्क्रूने बसवला आणि त्याच्या टोकाला भिंतीवर दोन लाकडी पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या ठोकल्या. चाक पन्हळीतून सरकत जातं आणि पट्ट्यांमध्ये अडकून उभं राहतं. चाक वर उडू नये म्हणून क्रँकजवळून (पॅडलच्या दांड्याजवळून), सीट ट्यूबच्या खालच्या टोकाला, निवारीची एक पट्टी घालून ती जमिनीतल्या कडीला ओढून बांधायची. ही कडी दारापासून सत्तर सेंमीवर आहे, जरा वाकलं की हात पोचतो.

त्याची सायकल तोंडाने आत, म्हणजे फोर्क भिंतीकडे. इथे ठोकळा जमिनीला न बसवता १८ मिमी प्लायच्या लांब फळीवर बसवला, वीस सेंमी रुंद. ही फळी दोन सागवानी पट्ट्यांच्या मधून ड्रॉवरसारखी आत-बाहेर होते. ड्रॉवरला लावतात तशा जड वजनाच्या लोखंडी स्लाइड महाग पडतात, शिवाय धूळ बसली की कुरकुरतात. आम्ही पट्ट्यांना आणि फळीच्या खालच्या बाजूला साधी मेणबत्ती घासली. फळी एका हाताने सरकते. आतल्या टोकाला फळीची जीभ लोखंडी अँगलच्या ओठाखाली शिरते, त्यामुळे पुढचा भाग वर उचलला जाऊ शकत नाही. दाराच्या टोकाला कडी-कोयंडा. कडी उघडा, फळी ओढा. सत्तर सेंमी बाहेर आली की खालची लाकडी खुंटी तिला अडवते, म्हणजे फळी सायकलसकट बाहेर कलंडत नाही. तिथून फोर्क हाताशी येतो.

मुलीच्या सायकलचं पुढचं चाक पन्हळीतून आतल्या व्हीमध्ये बसतं आणि मागचं चाक दाराशी निवारीच्या पट्टीने बांधलं जातं. ती पट्टी तिची तीच सोडते.

एक अडचण उरली होती. त्याची फळी बाहेर ओढताना रोड बाइकचं हँडल वहिनींच्या हँडलवर आपटलं असतं, कारण दोन्हींची रुंदी दहा-अकरा सेंमी एकमेकांवर येत होती. म्हणजे पुन्हा तेच, एक काढल्याशिवाय दुसरी निघत नाही. स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट सैल करून हँडल आडवं फिरवणं हा एक उपाय होता, पण तो मला पटला नाही. रोज अॅलन की घेऊन हँडल फिरवायचं, परत सरळ करायचं, आणि एखाद्या पहाटे बोल्ट अर्धवट आवळलेला राहिला तर उतारावर हँडल हातात यायचं. स्टेमचा बोल्ट हा रोज उघडायचा बोल्ट नाही. उपाय उंचीत सापडला. त्याचा ठोकळा ७ सेंमी उंच ठेवला होता, वहिनींचा २० सेंमी केला. त्यांची सायकल मुळात लहान फ्रेमची, त्यामुळे तिचं हँडल ८३ सेंमीवर आलं, बेडच्या फळीखाली पाच सेंमी मोकळी ठेवून. रोड बाइकचं हँडल, ब्रेकच्या मुठी धरून, ७३ च्या आसपास. आता ते वहिनींच्या हँडलखालून सरळ निघून जातं. मुलीची सायकल हलकी, बॅटरीच्या खोक्यावर उजवीकडे कलती करून ओढली की तिचंही काही अडत नाही. कुठलीही सायकल कुठल्याही क्रमाने बाहेर येते. या सबंध कामात मला सर्वांत जास्त समाधान देणारी गोष्ट हीच, आणि तिला खर्च आला तो तेरा सेंमी लाकडाचा.

ठोकळे

फोर्क पकडणारे तयार ठोकळे मिळतात, पण एकेकाला हजार-दोन हजार द्यावे लागतात. आम्ही दोन ठोकळे दोन वेगळ्या रीतींनी केले.

पहिला, रोड बाइकसाठी : सायकल दुरुस्तीच्या दुकानात रिम वाकून निकामी झालेलं पण हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, चांगला असलेलं पुढचं चाक मागितलं. क्विक रिलीजचा, म्हणजे खिट्टीने सुटणारा, हब हवा, दोन्ही बाजूंच्या नटांमधलं अंतर १०० मिमी असलेला. दूधवाले वापरतात त्या जुन्या जड सायकलींचा हब चालत नाही. दुकानदाराने तो चहाच्या पैशांत दिला. स्पोक कापून टाकले, लाकडी ठोकळ्याला वरून अर्धगोल खाच पाडली आणि हब त्यात बसवून पाइप पकडायच्या दोन लोखंडी क्लॅम्पने आवळला. फोर्क त्यावर ठेवायचा आणि नेहमीचीच खिट्टी दाबायची. चाक बसवतो तितकंच सोपं.

दुसरा, हायब्रिडसाठी : ८ मिमीचा आट्यांचा रॉड आणि अर्धा इंची जीआय पाइपचा तुकडा. फोर्कच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर १०० मिमी. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमीचे वायसर येणार, म्हणून पाइप ९७ मिमी कापायचा. इथे दोन मिमीची चूक झाली तरी विंग नट आवळताना फोर्क आत दाबला जातो किंवा फाकतो, म्हणून कापल्यावर कानशीने घासून, फोर्कमध्ये घालून, पुन्हा घासून माप मिळवलं. फोर्कच्या खाचा ९ मिमीच्या असतात, ८ मिमीचा रॉड त्यात सहज बसतो. पाइपचा तुकडा ४० मिमीच्या अँगलवर वेल्ड केला. हा अँगल दिंडोरीकडच्या एका मोडलेल्या द्राक्षबागेचा, भंगारातून किलोवर घेतलेला. बागेचे अँगल उन्हापावसात वर्षानुवर्षं तारांचा ताण सोसतात, त्यांच्या ताकदीबद्दल शंका नको. मात्र जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो ग्राइंडरने पूर्ण उडवल्याशिवाय वेल्डिंग करू नये, कारण जस्ताचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो. वेल्डरला हे सांगितलं की तो कधी कधी "काही होत नाही हो" म्हणतो. तरी थर आपण स्वतः घासून द्यावा आणि काम उघड्यावर करायला लावावं.

चाक काढलेल्या डिस्क ब्रेकबद्दल एक खबरदारी. चाक बाहेर असताना चुकून ब्रेकची मूठ दाबली गेली तर हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड जवळ येऊन चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. जुन्या एटीएम कार्डाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून पॅडच्या मधे खोचायचे. त्यांना भोक पाडून दोरीने हँडललाच बांधून ठेवलं, म्हणजे हरवत नाहीत.

जमिनीला पकड

गाडीच्या तळाला भोक पाडायची सर्वांना घाई असते. खाली डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग, काहीही असू शकतं. ड्रिल लावण्याआधी गाडीखाली शिरून पाहायलाच हवं. आम्हाला मात्र एकही नवीन भोक पाडावं लागलं नाही. गाडी मुळात प्रवासी असल्याने काढून टाकलेल्या सीटांच्या बोल्टची भोकं तळात तशीच होती. माणसाचं वजन अपघातात धरून ठेवायला केलेल्या त्या जागा, सायकलला त्याहून चांगली जागा कुठे मिळणार? दोन आडवे अँगल त्या भोकांमध्ये बोल्टने बसवले आणि ठोकळा, पट्ट्या, कड्या सगळं त्या अँगलना जोडलं. नट आत नायलॉनची कडी असलेले, म्हणजे नायलॉक घेतले. साधे नट ट्रॅव्हलरच्या थरथरीत सैल होतात.

पकड किती हवी, याचा अंदाज लोकांना नसतो. जोरात ब्रेक मारला की सामान स्वतःच्या वजनाच्या सात-आठ दशांश जोराने पुढे जातं, १४ किलोच्या सायकलचा दहा-अकरा किलोचा धक्का. तो निवार सोसते. पण टक्कर झाली तर हाच जोर वजनाच्या वीस पटीत जाऊ शकतो, म्हणजे अडीचशे किलोच्या वर. तेव्हा सायकली आणि माणसं यांच्यामधली आडवी भिंतच कामाला येते. या गाडीत ती १२ मिमी प्लायची, नुसत्या लाकडी चौकटीवर होती. तिच्यामागे दोन अँगल उभे करून वर बेडच्या लोखंडी चौकटीला आणि खाली तळाला बांधले. मुलगी त्या भिंतीच्या पलीकडच्या सीटवर बसते. या दोन अँगलचा खर्च मी कुणालाही टाळू देणार नाही.

बांधायला ट्रकवाल्यांचे रॅचेट बेल्ट वापरू नयेत. त्यांचा ताण हाताला कळत नाही आणि पातळ ट्यूब चेपते. कार्बन फ्रेमला तर तडा जातो. नायलॉनची निवार आणि स्कूलबॅगचं बकल पुरेसं आहे, ते हाताच्या जोरापुरतंच आवळतं. सायकलची फाटकी ट्यूब कापून केलेले पट्टे ताणले जातात, म्हणून मुख्य पकडीला चालत नाहीत, पण पॅडल फिरू नये म्हणून ते चेनस्टेला, म्हणजे फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला, बांधायला उत्तम.

घासण्याच्या जागांवर ठिबकच्या जुन्या लॅटरलचे तुकडे चढवले. १६ मिमीची नळी एका बाजूने चिरली की अँगलच्या धारेवर घट्ट बसते. नाशिकमध्ये ही नळी कुठल्याही बागेच्या बांधावर गुंडाळून पडलेली दिसते, शेतकऱ्याला विचारलं की तो हवी तेवढी ने म्हणतो. काढलेली दोन पुढची चाकं भिंतीला लटकवायला जुन्या फ्लेक्सच्या पिशव्या शिवून घेतल्या. उरलेला फ्लेक्स कडा उभ्या करून सायकलींखाली अंथरला. ओल्या सायकलीचं पाणी आणि चिखल त्यात साचतो, बाहेर ओढून झटकला की झालं. खालचा प्लाय कुजवायला पावसाळ्यातले दोन महिने पुरतात, त्यामुळे हा फ्लेक्स चैन नव्हे. पंप, पंक्चरचं सामान आणि १५ चा पाना टोमॅटोच्या एका कॅरेटमध्ये, दारापाशी बांधून.

रस्त्यावर

पहिली चाचणी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, गतिरोधक मोजून-मापून नव्हे तर मुद्दाम थोड्या वेगाने घेत. मी मागे बेडवर कान लावून होतो. खडखडाट एकाच ठिकाणाहून आला, फळीच्या कडीतून. कडी आणि कोयंडा यांच्यात सायकल ट्यूबचा तुकडा घातल्यावर तो थांबला. पुढची चाचणी त्र्यंबकहून जव्हारकडे उतरणाऱ्या वळणांवर. तिथे दिसलं की हायब्रिड उजव्या वळणांवर हँडलाशी किंचित झुकते. ८ मिमीचा रॉड वाकत नव्हता, २० सेंमी उंच ठोकळाच डोलत होता. ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या मारल्या. उंच ठोकळा करणाऱ्याने त्या पहिल्यापासूनच माराव्यात.

खर्चाचं सांगायचं तर प्लाय आणि सागवानी पट्ट्या एका फर्निचरवाल्याकडच्या उरलेल्या तुकड्यांतून सातशे रुपये, भंगारातले अँगल सहाशे, वेल्डिंग तीनशे, नट-बोल्ट, रॉड, क्लॅम्प आणि कडी मिळून चारशे, निवार आणि बकलं दीडशे. पाइप, लॅटरल, फ्लेक्स, ट्यूब फुकट. एकूण एकवीसशे पन्नास. वेल्डिंग सोडलं तर सगळं काम त्या दोघांनी आणि मी मिळून केलं. भिंतीवरचे व्ही वहिनींनी स्वतः ठोकले, कारण चाक नेमकं कुठे बसायला हवं हे त्यांनाच ठरवायचं होतं.

आता त्या एकट्या सायकल काढतात. विंग नट, निवारीचं बकल, बाहेर ओढणं, चाक बसवणं. त्या म्हणतात, चहाला आधण ठेवून आलं की ते उकळायच्या आत सायकल रस्त्यावर असते.

ज्यांच्या सायकलला थ्रू-ॲक्सल, म्हणजे फोर्कमधून आरपार जाऊन आट्यांनी आवळला जाणारा ॲक्सल, आहे त्यांना वरचे दोन्ही ठोकळे जसेच्या तसे चालणार नाहीत. रोड बाइकला बहुधा १२ मिमीचा आणि एमटीबीला (डोंगरी सायकलला) १५ मिमीचा ॲक्सल येतो, आणि फोर्कची टोकं उघडी खाच नसून बंद भोकं असतात. अशा वेळी रॉड नको. सायकलचा स्वतःचा ॲक्सल आरपार जाईल एवढ्या आतल्या व्यासाचा पाइप घ्यायचा आणि तो आपल्या फोर्कच्या आतल्या अंतराइतका कापायचा. हे अंतर बऱ्याच सायकलींत १०० मिमी असतं, बूस्ट, म्हणजे जास्त रुंद, फोर्कमध्ये ११०. मग तोच ॲक्सल पाइपमधून घालून दुसऱ्या टोकाला फोर्कच्या आट्यात आवळायचा. पाइपच्या आत वेल्डिंगचा थेंब राहिला तर ॲक्सलवर ओरखडे येतात, म्हणून वेल्डिंग झाल्यावर आतून गोल कानस फिरवावी आणि रंग देण्याआधी ॲक्सल एकदा घालून पाहावा.